ओळ चारशे बारा

जुन्नरहून परत आलेले पाण्याचे सतरा मीटर
भोसरीत आमच्या टेबलावर रांगेत बसलेत.
एकालाही आठवत नाही किती पाणी गेलं.

ओजस भेगडे समोर उभा,
चहाचा कागदी कप हातात, न पिता धरलेला.
"मॅडम, कमेंटमध्ये तीन होतं, कोडमध्ये दहा.
मला वाटलं कोड चुकलंय."

त्याला काय बोलणार?
चिपवरचा ब्लॉक पुसायचा आणि थांबायचं,
किती, ते ओळ चारशे बारावर लिहिलेलं:
तीन मिलिसेकंद पुरतात. मोजून पाहिलं आहे.
"मोजून पाहिलं आहे" म्हटल्यावर
आमच्यातला कोणीही मान खाली घालतो.

फ्लॅशचं तसं विचित्रच असतं.
पुसलं की शून्य होत नाही, सगळे एक होतात,
जशी रात्री प्रत्येक खोलीत दिवा लागलेली इमारत.
लिहायचं म्हणजे एकेक दिवा मालवत जायचं.
एखादा चुकून मालवला, तर तेवढाच लावता येत नाही,
अख्खी इमारत पुन्हा उजळावी लागते.
हेही कुणीतरी फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय
आणि ते अजून खरं आहे.

मी इतिहास काढला.
तीनची ओळ गुंजाळांची.
दहाचा आकडा माझा,
ऑगस्ट, दोन हजार एकोणीस, संध्याकाळी सात चाळीस.
जुनी चिप मिळेनाशी झाली होती,
नवी स्वस्त होती आणि सावकाश.
तीन खोडून दहा केले, टेस्ट हिरवी झाली,
मला नाशिक फाट्यावरून बस गाठायची होती.
वरची ओळ तशीच राहिली.

ती ओळ कंपायलर वाचत नाही.
चिप वाचत नाही, पाणी तर नाहीच नाही.
वाचतो फक्त पुढचा माणूस,
तोही विश्वासाने.

कंपनीसमोरच्या थांब्यावर
बंद झालेल्या बसचा नंबर अजून आहे.
डब्याची पिशवी घेऊन कुणीतरी उभं दिसलं
की वॉचमन गेटवरून ओरडतो,
"ती येत नाही हो आता!"
पाटी कुणी काढत नाही.

गुंजाळांना फोन लावला.
उरुळी कांचनला नर्सरी आहे त्यांची, मागे पाइपचा आवाज.
"अगं, त्या चिपला पुरत होते तीन.
ती बदलली तेव्हा मी गुलाबांना कलमं बांधत होतो."
मग थोडं थांबून,
"दहा तू मोजले होतेस?"

नव्हते. डेटाशीटवरून उचलले होते.

ओजसला सांगितलं, चूक माझी, तू चहा पी.
मग आम्ही मोजायला बसलो.
एक बोर्ड भट्टीत, एक कँटीनच्या फ्रीजमध्ये
कुणाच्या तरी श्रीखंडाच्या डब्याला टेकून,
आणि एक रात्रभर पुसत राहिलो, पुन्हा पुन्हा,
दमेपर्यंत.
दमलेला ब्लॉक पुसायला जास्त वेळ घेतो.
पहाटे चारला आकडा नऊ पूर्णांक एकवर गेला.
दहा बरोबर होतं, पण थोडक्यात,
आणि माझ्या हुशारीने नव्हे.

आता त्या ओळीवर चिपचं नाव आहे, तारीख आहे,
दमलेल्या ब्लॉकचा आकडा आहे.
त्याखाली ओजसने लिहिलं:
साठ अंशांच्या वर मोजलेलं नाही.
मला हीच ओळ सगळ्यात आवडली.

"मॅडम, अजून एक," तो म्हणाला, "याच फाइलमध्ये
तेवीस ठिकाणी 'मोजून पाहिलं आहे' असं आहे."

बाहेर उजाडत होतं.
थांब्यावर पिशवी घेतलेली एक बाई उभी होती,
वॉचमन झोपला होता.
मी खिडकी उघडली.